ख्रिस्ती जीवनांतील परिपक्वता

जालन्याचें नांव काढलें म्हणजे आजच्या शहरवासी माणसाला तेथील मोसंबीच्या बागा, लोखंडाचे कारखाने आणि विशेषतः बियाण्यांचा व्यापार आठवतो. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं तेथें महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि पुढें बियाण्यांचें गांव अशीच जालन्याची ओळख दूरवर झाली. या धंद्यांतल्या कोणत्याहि जाणत्या माणसाला विचारा; तो सांगेल कीं, दाणा टपोरा आहे एवढ्यावरून त्याची परीक्षा होत नाहीं, तो रुजला एवढ्यावरूनहि होत नाहीं; कणीस भरेपर्यंत वाट पाहावी लागते. आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, त्याचें सार जवळजवळ हेंच आहे. मनुष्य ख्रिस्ती होतो तो एका दिवशीं. परंतु ख्रिस्ती जीवनांत तो पिकतो केव्हां, आणि तो पिकला हें ओळखावें कशावरून?

येशू ख्रिस्तानें सांगितलेल्या दृष्टांतांत शेतकऱ्याचा एक अगदीं लहान दृष्टांत आहे. तो फक्त मार्काच्या शुभवर्तमानांत आढळतो. पेरणी करून शेतकरी आपल्या नित्याच्या उद्योगाला लागतो. जमिनीच्या पोटांत काय चाललें आहे हें त्याला दिसत नाहीं, तरी कोंब, कणीस आणि दाणा हीं क्रमाक्रमानें येतातच. यांत दोन गोष्टी आहेत. वाढविणारा शेतकरी नव्हे, ही पहिली. आणि क्रम चुकवून दाणा आधीं कोणालाच मिळत नाहीं, ही दुसरी. ख्रिस्ती शिकवणींत आध्यात्मिक वाढीविषयीं जें जें सांगितलें आहे, त्याला या दोन गोष्टींचा आधार आहे.

अशा वाढीची कल्पना मराठी मनाला मुळींच परकी नाहीं. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. समर्थांनीं दासबोधाच्या पांचव्या दशकांत बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्थांचीं लक्षणें सांगितलीं आहेत. आत्मिक जीवनाला पायऱ्या असतात हें त्यामुळें आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. ख्रिस्ती विचारांत मात्र शेवटच्या पायरीविषयीं एक निराळी सावधगिरी आढळते. प्रेषित पौल कैदेंत असतां फिलिप्पैकरांस पत्र लिहितो. त्यांत, आपण अद्याप मुक्कामाला पोंचलों नाहीं, धांवतच आहों, असें तो प्रांजळपणें कबूल करतो. आणि लगेच, आपल्यांत जे कोणी प्रौढ असतील त्यांनीं असाच भाव ठेवावा, असें सुचवितो. म्हणजे आपल्या अपुरेपणाची जाणीव हीच प्रौढत्वाची एक खूण ठरली. मी पोंचलों असें ज्याला वाटूं लागलें, त्याची वाट तेथेंच खुंटली.

परिपक्वता म्हणजे काय हें समजण्यासाठीं ती काय नव्हे हें आधीं पाहणें बरें. ग्रीस देशांत करिंथ नांवाचें व्यापारी शहर होतें. तेथील लहानशा मंडळीला पौलानें इ. स. ५५च्या सुमारास पत्र लिहिलें. या मंडळींत कशाची उणीव होती? ज्ञान होतें, वक्तृत्व होतें, प्रार्थनेच्या भरांत अन्य भाषा बोलणारे लोक होते. इतकें असूनहि पौल त्यांना तान्हीं बाळें म्हणतो. त्यांना अजून दूधच पाजावें लागतें, जड अन्न पचत नाहीं, असें सांगतो. याचें कारण त्यानें स्पष्ट दिलें आहे. त्यांच्यांत हेवेदावे होते, आणि मी अमक्या गुरूचा, तूं तमक्याचा असे तट पडले होते. प्रभुभोजनासाठीं ते एकत्र जमत, तेव्हांहि ज्यांच्या घरीं सुबत्ता होती ते आधींच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. एकाच घरांत एकाच देवाचें नांव घेत असतां शेजारचा माणूस उपाशी आहे हें ज्यांना दिसत नव्हतें, त्यांचें सारें ज्ञान पौलाच्या लेखीं बाळपणांतच जमा होतें.

ज्या ग्रीक शब्दाचें भाषांतर आपण कधीं ‘पूर्ण’ तर कधीं ‘प्रौढ’ असें करतों, तो शब्द ‘तेलेइऑस’ हा होय. एखादी वस्तु ज्या हेतूनें निर्माण झाली, त्या हेतूपर्यंत ती पोंचली, असा त्याचा आशय आहे. डोंगरावरील प्रवचनांत हा शब्द कोठें येतो हें लक्षांत घेण्यासारखें आहे. शत्रूवर प्रीति करा या आज्ञेच्या शेवटीं तो येतो. ईश्वराचा सूर्य सज्जनाच्या अंगणांत आणि दुर्जनाच्या अंगणांत सारखाच उगवतो, पाऊसहि शेत पाहून पडत नाहीं. त्या ईश्वराप्रमाणें तुम्हीं पूर्ण व्हावें, असा त्या बोधाचा रोख आहे. तेव्हां ख्रिस्ती अर्थानें परिपक्व होणें म्हणजे प्रीतीचा परीघ वाढणें. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल सहनशीलता, सौम्यता, आत्मसंयमन वगैरे नऊ गुण मोजतो आणि त्या सर्वांना मिळून ‘फळ’ असें एकवचनी नांव देतो. हे गुण सुटे सुटे मिळवावयाचे नाहींत. आंत रस एकच असला म्हणजे ते सगळे हळूहळू धरूं लागतात.

हें सर्व ग्रंथांतलें झालें. आतां एका खऱ्या गांवाकडे आणि खऱ्या माणसाकडे वळूं. जालना शहरापासून कांहीं मैलांवर एकोणिसाव्या शतकांत बेथेल नांवाचें एक ख्रिस्ती गांव वसलें. तें वसविणारे नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण कुळांत जन्मले होते. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें आणि १८४३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि त्यांच्यामागोमाग मिशनऱ्यांच्या घरीं राहावयास गेला. तो त्या वेळीं सुमारें बारा वर्षांचा होता. वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दाद मागितली आणि कोर्टानें मुलाला वडिलांच्या स्वाधीन केलें. एवढ्यानें प्रकरण मिटलें नाहीं. ख्रिस्ती लोकांत राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हां जातींत घ्यावें कीं घेऊं नये, यावर मुंबईच्या ब्राह्मणसमाजांत मोठी खळबळ माजली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घ्यावें या बाजूनें उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांना स्वजनांचा रोष सोसावा लागला.

आज इतक्या वर्षांनीं या हकीकतीकडे पाहतांना, कोणाचा पक्ष जिंकला यापेक्षां त्या बारा वर्षांच्या मुलाची ओढाताण डोळ्यांपुढें उभी राहते. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला आईबाप. मध्यें वकील, न्यायाधीश, शास्त्री आणि पाद्री. श्रद्धा ही जिंकून नेण्याची मालमत्ता आहे असें जेव्हां कोणताहि पक्ष समजूं लागतो, तेव्हां तो पक्ष अजून बाळपणांत आहे असें खुशाल समजावें. मग त्याच्या हातीं कोणताहि ग्रंथ असो. उलट, मुलासाठीं निंदा पत्करणाऱ्या बाळशास्त्र्यांच्या वागण्यांत प्रौढत्व दिसतें, तें ख्रिस्ती नसतांहि दिसतें. पिकलेपण ही कोणा एका मंडळीची मिरास नाहीं, हें ख्रिस्ती माणसानेंहि मोकळ्या मनानें मान्य करावें.

नारायण शेषाद्रि यांचें पुढें काय झालें? बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनीं, १८६० नंतरच्या दशकांत, ते जालन्यास येऊन राहिले. तेव्हां जालना निजामाच्या राज्यांत होतें. इंग्रजी शिकलेल्या ब्राह्मणाला मुंबईसारख्या शहरांत मान होता. जालन्याच्या आसपासच्या खेड्यांत त्यांच्या भोंवतीं जमले ते बहुतेक मांग व महार समाजांतील लोक. या लोकांना गांवाच्या विहिरीवर पाणी भरतां येत नसे, आणि शाळेचें दार त्यांच्यासाठीं बंद असे. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्रींनीं तिच्यावर गांव वसविलें. शेती, शाळा आणि प्रार्थनामंदिर यांच्या आधारानें माणसांनीं मानानें उभें राहावें अशी त्यांची योजना होती. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें इव्हॅन्जेलिकल अलायन्स या संस्थेची मोठी परिषद भरली. तिला ते गेले आणि तेथें बोलले. पण तेथून परतले ते जालन्याच्या आपल्या कामाकडेच. १८९१ सालीं त्यांचा अंत झाला.

त्यांच्या अंतःकरणांत या काळांत काय काय घडलें हें आपल्याला दिसत नाहीं. बियाण्याच्या पोटांतलेंहि दिसत नाहीं. परंतु पावलें दिसतात. १८४३च्या तरुणानें स्वतःसाठीं सत्य शोधलें आणि त्यासाठीं घर सोडलें. वीस वर्षांनंतरच्या प्रौढ माणसानें दुसऱ्यांसाठीं घर बांधलें. ज्यांच्या सावलीपासून दूर राहण्यास त्याला लहानपणीं शिकविलें गेलें असेल, त्यांच्याच शेजारीं त्यानें आपलें आयुष्य मांडलें. पहिलें पाऊल मोठें होतें यांत शंका नाहीं. परंतु फळ पाहावयाचें तर तें या दुसऱ्या पावलांत.

त्या गांवाला दिलेलें नांवहि अर्थपूर्ण आहे. ‘बेथेल’ म्हणजे देवाचें घर. पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकांत, उत्पत्तींत, याकोबाची कथा आहे. आंधळ्या बापाला फसवून, थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटून हा तरुण पळून निघाला. वाटेंत उशाला धोंडा घेऊन तो निजला आणि स्वप्नांत त्याला पृथ्वीवरून आकाशाला लागलेली शिडी दिसली. त्या जागेला त्यानें बेथेल हें नांव दिलें. पण सकाळीं उठून त्यानें जो नवस केला, त्यांत चक्क व्यवहार होता: देवानें मला खावयास दिलें, वस्त्र दिलें, सुखरूप घरीं आणलें, तर तो माझा देव. पुढें वीस वर्षें तो मामाच्या घरीं राबला. दुसऱ्याला फसविणारा तेथें स्वतः फसविला गेला. परतीच्या वाटेवर एका रात्रीं तो अनोळखी पुरुषाशीं पहाटेपर्यंत झुंजला आणि त्या रात्रीपासून लंगडत चालूं लागला. ज्या भावाला त्यानें लुबाडलें होतें, त्याच्यापुढें सात वेळां लवून त्यानें समेट केला. त्यानंतर पुन्हां तो बेथेलला गेला. जाण्यापूर्वीं घरांतल्या सर्व परक्या मूर्ती त्यानें एका झाडाखालीं पुरून टाकल्या. या वेळीं त्याच्या तोंडीं ‘जर’ आणि ‘तर’ नव्हते. माझ्या संकटाच्या दिवसांत जो माझ्याबरोबर राहिला, त्याच्यासाठीं वेदी बांधावयाची, एवढेंच त्याला सांगावयाचें होतें.

ख्रिस्ती जीवनांत बेथेल असें दोनदां येतें. पहिलें बेथेल दर्शनाचें. त्यांत आनंद असतो, पण सौदाहि असतो. दुसरें बेथेल कृतज्ञतेचें. तेथें मनुष्य कांहींसा लंगडत पोंचतो. या दोहोंमधलीं वर्षें रिकामीं गेलीं असें वाटतें, पण वाढ होते ती त्याच वर्षांत.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यांत हें विशेष स्पष्ट दिसतें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रांत निष्णात, विचारांत स्वतंत्र अशा त्या बाईंनीं ख्रिस्ती मताचा अभ्यास करून तें स्वीकारलें होतें. परंतु १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या अनुभवकथनांत त्यांनीं कबूल केलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना उमगलें, धर्म आपल्या हातीं आला होता, ख्रिस्त मात्र आला नव्हता. जगप्रसिद्ध झालेल्या विदुषीनें असें लिहिणें सोपें नाहीं. हा कबुलीजबाब हीच त्यांच्या पक्वतेची साक्ष होय. त्या जाणिवेनंतरच्या काळांत काय घडलें तें महाराष्ट्र जाणतो. १८९६-९७च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून शेंकडों अनाथ मुली व विधवा त्यांनीं आणल्या आणि केडगांव येथें मुक्ति सदन उभें केलें. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर त्यांनीं हातीं घेतलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तें दुःख उरांत घेऊन त्यांनीं भाषांतराचें काम चालविलें आणि तें संपवूनच १९२२च्या एप्रिलमध्यें देह ठेवला.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून वेगळी, आणि पुष्कळ घरांतल्या गृहिणींना अधिक जवळची वाटेल अशी आहे. त्यांचे पति, कवि नारायण वामन टिळक, यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सोंवळेओंवळें कडक पाळणाऱ्या. त्यांच्यावर आकाशच कोसळलें. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, तरी त्यांनीं आपला आचार सोडला नाहीं, आणि टिळकांनीं त्यांच्यावर सक्ति केली नाहीं. जातीचे भेद देवानें केले कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या मनाशीं घोळविला, आणि त्याचें उत्तर मिळाल्यावर स्वतःच्याच निश्चयानें तीं बंधनें टाकलीं. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना कळतें कीं, या बाईंना स्वतःवर हंसतां येत होतें. स्वतःच्या चुकांवर न चिडतां हंसतां येणें ही मला प्रौढत्वाची फार मोठी खूण वाटते. टिळकांचीहि वाढ बाप्तिस्म्यापाशीं थांबली नाहीं. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तभक्त त्यांत भावाभावांसारखे यावेत असा त्यांचा हेतु होता. १९१९च्या मे महिन्यांत ते वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें लिहिलें. जिला लिहावाचावयास पतीनें शिकविलें, तिनेंच पतीचें काव्य पुरें करण्यास घेतलें.

मग ही वाढ होते कशानें? ख्रिस्ती शिकवणींत साधनें साधींच सांगितलीं आहेत: शास्त्राचें नित्य वाचन, प्रार्थना, मंडळीचा सहवास, सेवा आणि दुःख. पहिलीं दोन एकांतांत होतात, आणि तीं करतांना आपण फार चांगले आहोंत असा भास होणें शक्य आहे. तिसरें साधन तो भास मोडतें. इफिसकरांस लिहितांना पौल, आपण सगळे मिळून प्रौढ व्हावें, असें म्हणतो. एकट्यानें प्रौढ होण्याची कल्पना त्याच्याजवळ नाहीं. ज्याच्याशीं आपलें पटत नाहीं असा माणूस त्याच मंडळींत, त्याच घरांत असतो, आणि सहनशीलता शिकविणारा गुरु तोच असतो. चौथें साधन, सेवा, हें प्रीतीला हातपाय देतें. पांचवें आपण होऊन कोणी मागूं नये. पण द्राक्षवेलीच्या दृष्टांतांत, फळ देणाऱ्या फांदीचीच छाटणी होते असें सांगितलें आहे. छाटणीनंतर बाग उघडीबोडकी दिसते. द्राक्षें लावणारा शेतकरी त्या दिवसांत घाबरत नाहीं.

ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेक जण ख्रिस्ती नसतील. तरी स्वतःची परीक्षा घेण्याचे कांहीं प्रश्न सर्वांनाच उपयोगी पडतील. दहा वर्षांपूर्वीं ज्या गोष्टीनें माझा संताप होई, तिनें आजहि तितकाच होतो काय? माझ्या घरीं राबणाऱ्या माणसाशीं मी ज्या आवाजांत बोलतों, त्याच आवाजांत माझ्या वरिष्ठाशीं बोलतों काय? वडिलोपार्जित घराच्या वांटणीवरून ज्या भावाशीं अबोला धरला, त्याच्यापुढें एकदां तरी लवण्याची माझी तयारी आहे काय? आणि माझी प्रार्थना अजून ‘जर’ आणि ‘तर’ यांतच अडकली आहे, कीं तींत आभाराचे शब्द मागण्यांहून अधिक झाले आहेत? या प्रश्नांचीं उत्तरें मनासारखीं आलीं नाहींत तर निराश होण्याचें कारण नाहीं. याकोबाला वीस वर्षें लागलीं, रमाबाईंना आठ लागलीं.

जालन्याच्या शिवारांत पेरणी झाल्यावर शेतकरी रोज माती उकरून दाणा रुजला कीं नाहीं हें पाहत बसत नाहीं. तसें केलें तर रुजणारा दाणाहि मरेल. तो तण काढतो, पाणी असेल तर देतो, आणि आकाशाकडे पाहतो. आपल्या आंतल्या पिकाशींहि इतक्याच धीरानें वागावें. तण काढणें आपल्याकडे आहे. वाढविणें आपल्याकडे नाहीं.